करवतीने खाल्लेलं घर

एक काम कर. पुस्तक मांडीवर ठेव आणि डोळ्यांसमोर एक फळी आण. सागाची फळी, तुमच्या घराच्या दाराएवढी, सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली. रंधा मारून इतकी गुळगुळीत केलेली की तिच्यावरून बोट फिरवलं तर बोटाला गुदगुल्या होतील. आली डोळ्यांसमोर? आता हातात पेन्सिल घे. या फळीवर तुला तुझं सगळं गाव काढायचं आहे. देऊळ, मशीद, शाळा, ओढा, ओढ्यावरचा वाकडा पूल आणि झाडून सगळी घरं.

सांग बरं, तुझ्या सगळ्यात आवडत्या मैत्रिणीचं घर तू कुठे काढशील?

मधोमध ना? जस्मीननेही तेच केलं होतं. आणि त्यामुळे तिच्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातून चौदा म्हशी गेल्या. कशा गेल्या, ते सांगतो.

जस्मीन पाचवीत होती आणि करंजवाडीत राहायची. पौडहून ताम्हिणीकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो, तिथून आत. तिचे आजोबा रमजानमिस्त्री हाताने कपाटं बनवायचे. कपाटं काय, पुष्कळ लोक बनवतात. पण रमजानमिस्त्रींचं नाव होतं ते खणांच्या तोंडांसाठी. खण म्हणजे ड्रॉवर, आणि त्याची जी फळी आपल्याला समोरून दिसते ते त्याचं तोंड. बाकीचे सुतार प्रत्येक खणाला वेगळा तुकडा लावतात. मिस्त्री तसं करत नसत. ते एका अखंड फळीवर पूर्ण चित्र कोरायचे आणि मग ती फळी कापून तिचे खण करायचे. सगळे खण बंद केले की लाकडाच्या रेषा एका खणातून दुसऱ्यात सरळ वाहत जायच्या. मोराची मान वरच्या खणावर, पिसारा खालच्या खणावर, आणि मोर मात्र एकच.

कोरायचे मिस्त्री, पण चित्र काढायची जस्मीन. मिस्त्रींचा हात पटाशीवर पक्का होता, पेन्सिलीवर नव्हता. त्यांनी काढलेला मोर एका गिऱ्हाइकाने तीन वर्षं बदक म्हणून वापरला होता.

त्या वर्षी ग्रामपंचायतीत वाळवी लागली. वाळवीने गावाचा नकाशा खाल्ला. चौकट आणि काच शिल्लक ठेवली, आतलं गाव तेवढं खाल्लं. नवीन नकाशा मागवला, तर तो यायला दोन वर्षं लागतील असं कळलं. तेव्हा सरपंच अनसूयाकाकींनी मिस्त्रींना बोलावलं.

"मिस्त्री, बारा खणांचं कपाट करा. तोंडावर आपलं गाव कोरा. ज्या खणावर जी घरं, त्या घरांची कागदं त्या खणात. आन् लाकूड असं घ्या का वाळवीचे दात पडले पायजेत."

ग्रामसेवक दयानंद भाऊसाहेब शहरातून आलेले, फार काटेकोर. त्यांनी लगेच ठराव लिहिला: नवीन नकाशा येईपर्यंत कपाटावर आहे तेच गाव समजावे. ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले. चहा तयार होता, त्यामुळे हात जरा लवकरच वर झाले.

फळी तयार झाली तेव्हा मिस्त्री जस्मीनला म्हणाले, "बेटा, आधी करवतीच्या रेघा मार. करवत कुटून जाणार ते ठरव, मग चित्र काढ."

"दादाजी, रेघा मारल्या की चित्र तुरुंगात बसल्यासारखं दिसतं. मी शेवटी मारते ना."

"शेवटी मारशील?"

"शप्पथ."

तिने पेन्सिल घेतली आणि फळीच्या अगदी मध्यावर सगळ्यात आधी किमयाचं घर काढलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. किमयाच्या घराला निळं दार होतं. लाकडावर निळा रंग येणार नव्हता, म्हणून तिने दाराला एवढीशी कडी काढली. मग त्याच्या भोवती सगळं गाव बसवलं. स्वतःचं घर तिने कोपऱ्यात काढलं, चित्रकार सही करतात तिथे. मिस्त्रींनी महिनाभर नाक फळीला लावून एकेक घर कोरलं. आणि शेवटी, शब्द दिल्याप्रमाणे, जस्मीनने करवतीच्या रेघा मारल्या. उभ्या दोन, आडव्या तीन. बारा खण.

आता तू जरा बोटांवर मोजून बघ. एकाखाली एक चार ओळी करायच्या, तर मधली आडवी रेघ कुठून जाणार? बरोबर मध्यावरून.

जस्मीनने ते पाहिलं. रेघ किमयाच्या कौलांवरून जात होती. पण तिला वाटलं, घराचे दोन भाग होतील, अर्धं वरच्या खणावर, अर्धं खालच्या खणावर. मोराचं नाही का होत? खण बंद केले की घर पुन्हा एक.

इथे तिची चूक झाली. आपल्याला वाटतं की करवत लाकडाचे दोन तुकडे करते. ती तेवढंच करत नाही. जाता जाता ती मधलं लाकूड खाते. खाली जो भुसा पडतो ना, तो कुठून येतो? तो त्या मधल्या लाकडाचाच. मोर वीतभर मोठा असतो, त्याचं थोडं लाकूड गेलं तर कळत नाही. पण घर हरभऱ्याएवढं. त्यातला अर्धा भाग करवतीने खाल्ला, आणि खण अडकू नयेत म्हणून मिस्त्रींनी दोन्ही कडांवर रंधा मारला, त्यात उरलेला गेला. कडीसुद्धा राहिली नाही. आणि मिस्त्रींची नजर त्या वेळी सरळ रेघेवर होती, घरावर नव्हती.

सोमवारी कपाट पंचायतीत आलं. हार घातला, नारळ फोडला. भाऊसाहेबांनी भिंग घेऊन घरं मोजली.

"एकशे एक्केचाळीस," ते म्हणाले. "वहीत एकशे बेचाळीस आहेत. वही चुकली."

आणि त्यांनी लाल पेनने वही दुरुस्त केली.

मंगळवारी सकाळी किमयाची आई, शुभांगीकाकू, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मागून आवाज आला, "वैनी, जरा पाय आवरा."

त्यांनी वळून पाहिलं. वरच्या आळीचे गेणबा दारात उभे होते आणि त्यांच्या मागे चौदा म्हशी.

"गेणबाभावजी, म्हशी घेऊन घरात कुटं?"

"घर?" गेणबा इकडेतिकडे बघत म्हणाले. "रस्ता हाय की ह्यो. कपाटावर बघून आलोय. वरच्या आन् खालच्या आळीच्या मधून थेट ओढ्यापातूर जातुया. लई सोय झाली बगा."

आणि एकामागून एक चौदा म्हशी पुढच्या दाराने आत आल्या, चुलीला वळसा घालून मागच्या दाराने बाहेर गेल्या. शेवटच्या म्हशीने जाता जाता एक भाकरी उचलली.

शुभांगीकाकू तशाच पिठाच्या हातांनी पंचायतीत गेल्या. किमया आणि जस्मीन मागे धावत. भाऊसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कपाटापुढे नेलं.

"हे बघा ताई. यात रस्ते कसे दाखवलेत? खाच पाडून. बरोबर? आणि ही मधली खाच बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्यात सरळ, सगळ्यात खोल. म्हणजे हा मुख्य रस्ता."

"ती फट हाय भाऊसाहेब! दोन खणांमधली फट!"

"फट असो की खाच, ठरावात 'कपाटावर आहे ते' असं म्हटलंय."

"आन् माझं घर?"

भाऊसाहेबांनी भिंग लावून पुन्हा पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "घर दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

जस्मीनने फटीत बोट घालून पाहिलं. बोट सरळ आत गेलं.

बुधवारपर्यंत रस्ता चांगलाच चालू झाला. लवळ्याच्या कॉलेजची पोरं मोटारसायकलवरून ताम्हिणीला निघाली होती, ती मोबाइलमध्ये न बघता कपाट बघून आली आणि काकूंच्या देव्हाऱ्यापुढून सुसाट गेली. जाताना त्यांनी नमस्कार केला, तेवढं बरं. काकूंनी पंचायतीत तक्रार केली की गाड्या फार जोरात जातात. पंचायतीने तक्रारीची तातडीने दखल घेतली. दुपारी दोन माणसं आली आणि त्यांनी चुलीपासून दोन हातांवर गतिरोधक बांधला.

किमयाचे वडील शेखर हिंजवडीला कंपनीची गाडी चालवायचे. ते संध्याकाळी घरी आले, गतिरोधकावरून हळू आले, आणि मग त्यांना आठवलं की आपण चालत आलोय.

"ह्ये काय?" त्यांनी विचारलं.

"रस्ता," किमया म्हणाली. "आन् बाबा, शुक्रवारी काँक्रीट हाय."

होय. ग्रामपंचायतीने मुख्य रस्ता पक्का करायचं ठरवलं होतं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता गाडी येणार होती आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत वीतभर जाड काँक्रीट ओतणार होती. चूल, देव्हारा, किमयाची दप्तराची खुंटी, सगळ्यावरून.

गुरुवारी शाळेला सुट्टी नव्हती, पण जस्मीन शाळेत गेली नाही. तिने आजोबांच्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या कोपऱ्यातला भुसा वाटीत भरला.

"ह्यात तिचं घर हाय दादाजी. ह्यातच कुठंतरी."

मिस्त्री तिला रागावले नाहीत. स्वतःवरच चिडले होते ते. "मीच कोरलं, मीच कापलं," ते म्हणत होते. "एवढंसं घर, आन् माझ्याच करवतीनं खाल्लं."

सुताराला फट बुजवायची असली की तो काय करतो, ते जस्मीनला माहीत होतं. भुसा आणि गोंद कालवायचा, फटीत भरायचा, वाळला की वरून घासायचं. तिने तेच केलं. पंचायतीत जाऊन किमयाच्या घराच्या जागेवर फट बुजवली. छान दिसत होतं. तासाभरात वाळलं. पण गोंदाने वरचा आणि खालचा खण एकमेकांना चिकटले.

तेवढ्यात गेणबा एका दाखल्यासाठी आले. कपाटाला अजून मुठी नव्हत्या. अनसूयाकाकींना पितळी मुठी हव्या होत्या, भाऊसाहेबांना प्लास्टिकच्या, आणि तो विषय पुढच्या सभेवर गेला होता. तोपर्यंत अंगणवाडीतलं उलथनं फटीत घालून खण उघडायचे. भाऊसाहेबांनी उलथनं घालून वरचा खण ओढला. त्याच्याबरोबर खालचाही आला. आणि बाहेर एकच आरडाओरडा झाला. खालच्या आळीतल्या सगळ्या कोंबड्या वरच्या आळीत गेल्या होत्या. त्यांच्यामागून दोन मांजरं, एक बाज आणि बाजेवर झोपलेल्या धोंडाबाई.

"कोण ओढतंय रं मला?" धोंडाबाई बाजेवरूनच ओरडल्या. "मुडद्या, खण बंद कर आदी!"

मिस्त्रींना बारीक करवत घेऊन गोंद कापावा लागला. फट होती तशी झाली. धोंडाबाई घरी गेल्या. तीन कोंबड्या मात्र वरच्या आळीतच राहिल्या, त्यांना तिकडचं हवामान आवडलं होतं.

"दुसरीकडं कोरा ना मग," आरडाओरडा ऐकून अनसूयाकाकींबरोबर आलेल्या शुभांगीकाकू म्हणाल्या. "कुटंबी कोरा, पण कोरा."

भाऊसाहेबांनी भिंग फिरवलं. सगळ्या खणांवर घरं, झाडं, शेतं. सपाट जागा एकच होती, डावीकडच्या वरच्या खणावर, जिथे धरणाचं पाणी दाखवलं होतं.

"इथे जागा आहे," ते आनंदाने म्हणाले. "ऐसपैस आहे."

मग अनसूयाकाकी म्हणाल्या, "न्हाई. ह्या मुलखातली घरं एकदा गेलीत पाण्यात. पुन्यांदा न्हाई." आणि त्यांनी ते भिंग भाऊसाहेबांच्या हातातून काढून घेतलं.

मिस्त्री कपाटापुढे जमिनीवर बसले. "कोरणं म्हंजे काढणं," ते जस्मीनला म्हणाले. "पटाशीनं मी लाकूड काढू शकतो. घालू शकत न्हाई. घालणारं हत्यार माझ्याकडं न्हाई बेटा."

जस्मीन कपाटाकडे बघत होती. बारा खण, बारा तोंडं, आणि एकालाही धरायला काही नाही. उलथनं कपाटाच्या डोक्यावर ठेवलेलं. ती त्या उलथन्याकडे बघू लागली. मग एकदम म्हणाली, "दादाजी, मूठ कोरतात का?"

"मूठ वेगळी करतात. मग वरून लावतात."

"म्हंजे घालतातच ना?"

मिस्त्री ताडकन उठले. मग दोघं जवळजवळ धावतच कारखान्यात गेले.

त्या फळीचा एक तुकडा उरला होता. त्याच सागाचा, त्याच रेषांचा. या वेळी पटाशी जस्मीनने धरली आणि मिस्त्रींनी फक्त तिचं मनगट धरलं. किमयाचं घर झालं. उतरतं छप्पर, दोन खिडक्या, दार, दाराला कडी. आता ते हरभऱ्याएवढं करून चालणार नव्हतं, मूठ हातात मावावी लागते. ते लिंबाएवढं झालं.

शुक्रवारी सकाळी ते घासूनपुसून तयार झालं तेव्हा साडेनऊ वाजले होते. फाट्यावर काँक्रीटच्या गाडीचा आवाज येत होता. गाडीचं गोल पोट गरगर फिरत होतं.

पंचायतीत पोचल्यावर जस्मीनने घराच्या पाठीला गोंद लावला आणि मधल्या फटीच्या वरच्या खणाच्या खालच्या कडेवर ते असं चिकटवलं की छप्पर वरच्या खणावर राहिलं आणि दार फटीवरून खाली लोंबलं. गोंद धरेपर्यंत दाबून ठेवायला हवं. दोन्हीकडून आवळायचा शिकंजा लावायला कपाटाच्या मधोमध जागाच नव्हती. म्हणून तिने दोन्ही अंगठे घरावर ठेवले आणि दाबून उभी राहिली.

"किती वेळ?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"अर्धा तास. हलवलं तर पडतंय."

दहाला पाच कमी असताना किमया धावत आली. "गाडी दारात आली! आई मधी उभी राहिलीय!"

जस्मीनचे अंगठे पांढरे पडले होते. नाकावर माशी बसली होती. ती हलली नाही. किमयाने माशी हाकलली.

"ठरावात मूठ बसते का?" अनसूयाकाकींनी विचारलं.

भाऊसाहेबांनी ठराव काढून वाचला. पुन्हा वाचला. "'कपाटावर आहे तेच गाव'," ते म्हणाले. "मूठ कपाटावर आहे." मग चष्मा पुसला. "पण मूठ म्हणजे ओढली पाहिजे, सरपंच. ओढली आणि निघून हातात आली, तर ती कपाटावर नाही."

दहा वाजून गेले. लांबून गाडीवाला शुभांगीकाकूंना सांगताना ऐकू येत होता, "मॅडम, बाजू हटो, माल सूख जाएगा!" जस्मीनने हळूच अंगठे काढले. घर जागेवर राहिलं. अनसूयाकाकी पुढे आल्या, त्यांनी पदराला हात पुसला, लिंबाएवढं घर मुठीत धरलं आणि ओढलं.

खण आला. घर खणाला घट्ट होतं.

शुभांगीकाकूंच्या दारात पुढे सरकू लागलेल्या गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला. "अरे, यहाँ तो घर है!" तो म्हणाला. गेणबा म्हशी घेऊन वळणावर आले होते, तेही थांबले. "च्यायला," ते म्हणाले, "ह्ये घर कवा बांदलं, वैनी? लई झ्याक." सगळं काँक्रीट मग पंचायतीपुढच्या चिखलात ओतलं, जिथे ते सहा वर्षांपासून हवं होतं.

भाऊसाहेबांनी वहीत एकशे एक्केचाळीसवर काट मारली. खालचा खण उघडायचा तर आधी वरचा ओढावा लागतो, कारण घराचं दार आडवं येतं, हे त्यांच्या लक्षात आलं. खालच्या खणात त्यांच्या स्वतःच्या भाड्याच्या खोलीचे कागद होते. त्यांनी तेही नोंदवून ठेवलं.

दुपारी किमया पुन्हा धावत आली. या वेळी ती हसत होती आणि तिच्या केसांत पीठ होतं.

"जस्मीन, आमचं घर हलतंय!"

"म्हंजे?"

"कुणी मुठीनं खण ओढला की आख्खं घर हातभर पुढं जातंय. बंद केला की मागं. आजी-आजोबांचे फोटो वाकडे झाले. आई म्हणाली, म्हशींपेक्षा हे बरं. पण मगाशी भाऊसाहेबांनी जोरात ओढला तेव्हा भाकरी तव्यावरनं माझ्या डोक्यावर आली."

जस्मीनने थोडा विचार केला. मग दप्तरातून एक जाड कागद काढला. कात्री कुठून जाणार ती रेघ तिने पट्टीने आधी आखली, रेघेच्या आत बोटभर जागा सोडली, आणि मग मोठ्या अक्षरांत लिहिलं: हळू ओढा, आत भाकरी चालू आहे. तो कागद कापून ती पंचायतीत गेली, स्टुलावर चढली आणि मुठीच्या बरोबर वर, कपाटाच्या माथ्यावर, तो चिकटवून आली.